आईच्या गाडीचं फ्लायव्हील मी हलकं करून घेतलं

थांबा, आधी हे ऐका. आत्ताच सांगायचंय, ताट पण तसंच बाजूला ठेवलंय. उद्यावर टाकलं तर माझं डोकं याच्यातून माझीच काहीतरी चांगली बाजू शोधून काढील आन् मी मला माफ करून मोकळा होईन. माझा तसा स्वभावच हाय. म्हणून आत्ता. टायपिंगच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या, बोटं थांबून नाहीत राहिली.

गोष्ट साधी हाय. माझी आई शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. मी शिकवली. आन् दोन वर्षांनी तिचं गाडी चालवणं मीच सोडवलं. तिला वाटतं तिच्या पायानं दगा दिला. पाय चांगला होता. दगा मी दिला.

आई नर्स हाय, चाकूरकडच्या एका गावात उपकेंद्रावर. आम्ही राहतो लातूरला. अठरा वर्षं ती जीपनं गेली. जीप म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगायला नको. नऊच्या जागी सतरा माणसं, आईच्या मांडीवर लशीचा निळा डबा, आन् ड्रायव्हर खाली उभा राहून "चाकूर, चाकूर, चला चाकूर" ओरडून राहिलेला, जागा भरल्याबिगर हलणार न्हाई. डब्यातला बर्फ वितळतोय म्हणून आई ओरडली की म्हणायचा, "सिस्टर, तुमच्या बर्फाचं तिकीट काढलं का?" सगळी जीप हसायची. अठरा वर्षं हसली.

मग तिनं एक छोटी जुनी पेट्रोल गाडी घेतली. पप्पांना चारचाकी येत न्हाई. त्यांची मोटरसायकल भली आन् ते भले. गाडी आली त्या दिवशी ते मागच्या सीटवर बसले ते आजतागायत मागंच बसतात, साहेबावानी. आन् रोज सकाळी गॅलरीतून, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात, "निघालं का सिस्टरबाईचं इमान? वैमानिकाला चहा द्या रे कुणीतरी!" ते प्रेमानं म्हणतात असं आम्ही सगळे धरून चालतो. धरून चालायची सवय हाय आमच्या घरात.

शिकवली मी, एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. माझी पद्धत एकच होती. रेसला पायच लावायचा न्हाई. क्लच पूर्ण दाब, पहिला टाक, आन् पाय असा उचल जसं लेकराच्या टाळूवर तेल घालतीस. गाडी थरथरली की तिथंच थांब. ती आपल्या आपण चालायला लागंल, मग पाय सोड. आईनं आयुष्यात हजारभर टाळू बघितलेत, तिला हे बरोबर कळलं. तिसऱ्या रविवारी तिनं गाडी अशी उचलली की पाण्याचा ग्लास ठेवला असता डॅशबोर्डवर. मला म्हणाली, "रेस लागतच न्हाई की रे!" मी म्हणलं, "लागतच न्हाई. रेस दिली की उडती गाडी. बिलकुल द्यायची न्हाई." हे वाक्य माझं हाय, लक्षात ठेवा.

तिला त्या गाडीनं काय दिलं हे मला फार उशिरा कळलं. एकदा तिनं मला चोरी सांगावी तसं सांगितलं. येताना ती चाकूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला गाडी लावते, काचा वर करते, आन् दहा मिनिटं काहीच करत न्हाई. थर्मासमधला चहा पिते. कुणी सिस्टर म्हणत न्हाई, कुणी आई म्हणत न्हाई, कुणी इमान म्हणत न्हाई. "दहाच मिनिटं हां," मला म्हणाली, जसं मी हजेरी घेणार होतो.

आता गाडीला असं हळू हळू उचललं की क्लच झिजतो. झिजलाच. चढाला इंजिन ओरडायला लागलं आन् गाडी जागेवर, जळक्या रबरासारखा वास. मी त्या दिवसांत नांदेडला शिकायला होतो, शनिवारी घरी यायचो. सोमवार ते शनिवार गाडी आईची, रविवारी माझी. शनिवारी मी ती गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. माणूस हुशार, हात सोन्याचा, तोंड गटाराचं. त्यानं गिअरबॉक्स उतरवला, जुनी क्लचप्लेट काढली आन् दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. काळी ठिक्कर, कागदासारखी.

"या अल्ला! ये प्लेट है या पापड?" उस्ताद म्हणाला. "कोण चालवतं रे छोटे?"

"आई."

"तरीच. मॅडमनं क्लचवर पाय ठेवला की काढलाच न्हाई. इस्तरी करून राहिल्या."

तिथं चारपाच जण गाड्या घेऊन बसलेले. सगळे हसले. पण पहिला मी हसलो. हे मी लिहून ठेवतो कारण मला ते पक्कं आठवतं. पहिला आवाज माझा होता.

मग त्यानं आत बोट दाखवलं. फ्लायव्हील. ज्याला माहीत न्हाई त्याला सांगतो: इंजिनाच्या मागं एक जाड लोखंडी ताट असतं. जात्याच्या वरच्या दगडासारखं समजा. जड असतं म्हणून एकदा फिरलं की फिरत राहतं, आन् गाडी उचलताना तुमचा पाय थोडा चुकला तरी ते ताट आपल्या वजनानं इंजिनाला बंद पडू देत न्हाई. क्लचप्लेट त्याच्यावरच घासते. आईच्या इस्तरीनं त्याच्यावर निळे डाग पडले होते. उस्ताद म्हणाला, "ह्याला लेथवर नेऊन तोंड साफ करून आण. तसंच बसवलं तर नवीन प्लेट बी थरथर करंल."

आमच्याकडं हे असंच चालतं. नवीन फ्लायव्हील कुणी घेत न्हाई, लेथवर घासून आणतात. आन् लेथवर जाणारच हाय म्हणलं की माझ्या डोक्यात किडा वळवळला. मोबाइलवर मी सहा महिने तेच बघून राहिलो होतो. हलकं फ्लायव्हील! ताटाचं वजन कमी केलं की इंजिन मोकळं होतं, रेसला पाय लावला की काटा झटकन वर, सोडला की झटकन खाली, गिअर लोण्यासारखे पडतात. नांदेडच्या माझ्या दोस्तांत एकाच्या गाडीला होतं. तो त्याच्या गाडीत कुणाला बसवायचा पण न्हाई, नुसती जागेवर रेस देऊन ऐकवायचा. आन् इथं तर गिअरबॉक्स उतरलेलाच! परत कधी उतरणार? पाच वर्षांनी?

"उस्ताद," मी म्हणलं, "लेथवर चाललंच हाय तर मागच्या बाजूनं थोडं उतरवून आणू का? हलकं करायला?"

उस्तादनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं पाना ठेवला की समजायचं काम गंभीर हाय.

"तू चालवणार का मॅडम?"

"दोघं."

"तर मग नक्को."

"का पण?"

"अरे जड चाक आईसारखं असतं, चुकी पोटात घालतं. हलकं चाक सासूसारखं. जरा चुकलं का बंद. मॅडमना रेस देऊन उचलायची सवय हाय का?"

मला उत्तर माहीत होतं. सवय न्हाई. मीच लावली न्हाई. मी म्हणलं, "हाय की."

एवढंच. सगळी गोष्ट त्या दोन शब्दांत बसती. खोटं बोलताना मला काही झालं न्हाई, काहीच न्हाई.

तरी मी लगेच गेलो न्हाई. खरंच सांगतो, पाऊण तास त्या टायरांच्या ढिगावर बसून ठरवलं. एका बाजूला आई रोज जाते. दुसऱ्या बाजूला मी रविवारी नांदेडच्या पोरांपुढं गाडी उभी करून एकदा रेस दिली तर त्यांचे चेहरे कसे होतील. हिशोब करायला पाऊण तास का लागला हेच मला कळत न्हाई, कारण मी तर पहिल्या मिनिटालाच ठरवलेलं होतं. आईला फोन पण केला.

"आई, क्लचसोबत फ्लायव्हीलचं पण काम करून घेऊ का?"

"ते काय असतं?"

"असतं एक. इंजिन हलकं चालतं त्यानं."

"तुला कळतंय ते कर रे. फक्त सोमवारी गाडी दे, लसीकरण हाय." मागं कुठलंतरी लेकरू रडत होतं. "आन् उन्हात फिरू नको, जेव."

तिची परवानगी घेतली असं मी मनात लिहून ठेवलं.

लेथवाले काका म्हातारे, कान कमी, बोलणं कमी. ताट हातात घेऊन वजन केलं, उलटं केलं, मागची कड अंगठ्यानं चाचपली. "किती काढू?"

"जेवढं निघंल तेवढं."

"जेवढं निघंल तेवढं काढल्यावर राहील काय?" त्यांनी चष्म्यातून बघितलं. "गर्दीत बंद पडती अशी गाडी, चढाला बंद पडती. घरात अजून कोण चालवतं?"

"मीच एकटा," मी म्हणलं.

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. लेथ सुरू झाली आन् लोखंडाचे निळे चकचकीत कुरळे खाली पडायला लागले. मला इतकं भारी वाटून राहिलं होतं की मी त्याचा व्हिडिओ काढला. दोन किलोच्या वर निघालं. उस्तादनं बसवताना हातात घेऊन माझ्याकडं एकदा बघितलं आन् बोल्ट कसायला लागला.

रविवार माझा होता आन् तो रविवार म्हणजे... काय सांगू! काटा नुसता नाचत होता. अहमदपूरच्या पुढं मी खाली गिअर टाकला आन् गाडीनं जी उडी घेतली! नांदेडच्या पोरांनी बॉनेट उघडून बघितलं, जसं काही बाहेरून दिसणार होतं. मी राजा होतो. संध्याकाळी गाडी लातूरला आणून जागेवर लावली, किल्ली खिळ्याला अडकवली.

सोमवारी सकाळी मी गॅलरीत चहा पीत होतो. नांदेडची एसटी दुपारची होती. आई खाली गाडीत बसली. लशीचा डबा शेजारी, त्याला पट्टा लावलेला. तिनं पहिला टाकला, पाय टाळूवर तेल घालावं तसा उचलला, आन् गाडी गचकन हलून बंद.

परत. बंद.

परत. बंद.

पाचव्यांदा समोरच्या काकू झाडू घेऊन बाहेर आल्या, झाडायला न्हाई, बघायला. पप्पा माझ्या बाजूला आले. "काय, इमानाला धावपट्टी कमी पडली का?"

आईनं वर बघितलं. पप्पांकडं न्हाई, माझ्याकडं. मी ओरडलो, "नवीन क्लच हाय! सवय होईल!"

मला माहीत होतं काय सांगायला पाहिजे. एक ओळ होती. आई, आधी थोडी रेस दे, मग पाय उचल. पण ते सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तूच तर म्हणलास रेस द्यायची न्हाई, आता काय बदललं? आन् मग सांगावं लागलं असतं काय बदललं. पप्पांसमोर. आन् अजून एक, हे पण लिहितो: ते बघायला मजा येत होती. गाडी उचकी लागल्यासारखी हलत होती आन् डब्याचं झाकण वाजत होतं.

आठव्यांदा ती कशीबशी निघाली.

मंगळवारी फोनवर मी तिला सांगितलं, उगाच सहज, "थोडी रेस देऊन बघ की." तिनं भिऊन एकदम दिली. गाडी उडाली आन् गेटजवळ लावलेली शेजाऱ्याची स्कूटी आडवी. शेजारी चांगला माणूस, फक्त तेव्हापासून स्कूटी लांब लावायला लागला. आई घराबाहेर पडायच्या वेळेलाच काढून न्यायचा. आईला ते दिसायचं.

तिच्या गावात शिरताना एक चढ हाय, वर शाळा. तिथं ती रोज बंद पडायला लागली. शाळेतली पोरं कुंपणाला लटकून मोजायची. एक! दोन! तीन! पाराजवळ बसलेले गडी उठून यायचे, "सिस्टर, तुम्ही बसा निवांत, आम्ही ढकलतो. आम्हाला बी तेवढाच व्यायाम." गाडीला गावानं नाव दिलं ढकलगाडी. मला हे सगळं तिनंच सांगितलं, शनिवारी भाकरी करताना, हसत. पप्पा लई हसले. मी पण. पप्पा म्हणाले, "मी आधीच म्हणलो होतो, हे बाईमाणसाचं काम न्हाई." आईनं भाकरी उलटली.

मग ती एकटी गॅरेजला गेली, मला न सांगता. मला कळलं कारण उस्तादचा मला फोन आला, दबक्या आवाजात.

"छोटे, मॅडम आल्यात. गाडी बंद पडती म्हणून राहिल्या. क्या बोलू?"

मी नांदेडला चहाच्या टपरीवर होतो, दोस्त शेजारी. खरं बोल म्हणायला एक सेकंद लागला असता.

"सांगू नका," मी म्हणलं. "गाडीत काही न्हाई म्हणा."

"बेटा, मैं बोला था..."

"उस्ताद, प्लीज. पप्पा घरातून काढतील."

अर्ध्या तासानं त्याचा परत फोन. आता हसून राहिला होता, म्हणजे काम झालं होतं. "बोललो मी, मॅडम गाडी एक नंबर हाय, तुमचा पाय जड झाला. उमर होती आता. बिचाऱ्या बोलल्या, हाव, असंल."

हाव, असंल. मी दोस्तांना पण सांगितलं हे. हसले ते.

आता पुढचं लिहायला मला वेळ लागून राहिला. त्याच्या पुढच्या शनिवारी मी घरी आलो, दुपारची वेळ, पप्पा झोपलेले. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं. आई पलंगावर पाय पसरून बसलेली, डोळे मिटलेले. उजव्या हातात सुई, डाव्यात कापूस. ती स्वतःच्या डाव्या तळपायाला एकदा सुई लावत होती, एकदा कापूस, आन् हळू आवाजात म्हणत होती, "टोचलं. मऊ. मऊ. टोचलं." शुगरवाल्या पेशंटच्या पायाची संवेदना गेली का हे ती असंच तपासते, मी उपकेंद्रावर बघितलेलं. फरक एवढाच की पेशंटला सुई दुसरं कुणीतरी लावतं, त्याला ठाऊक नसतं आता काय येणार. तिला लावायला कुणी नव्हतं. तिला कळत होतं की असं तपासून उपयोग न्हाई, तरी ती करून राहिली होती. अंगठ्याजवळ रक्ताचा एक थेंब होता.

मी दारातून मागं फिरलो. चप्पल हातात घेतली, आवाज नको म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत अनवाणी गेलो, मग चप्पल घातली आन् जोरात वाजवत परत आलो, "आई, आलो गं!"

ती म्हणाली, "आलास? हातपाय धू."

ह्याच्यानंतर मी सांगायला पाहिजे होतं ना? कुणी पण म्हणंल. मी सांगितलं न्हाई. त्या रविवारी पण मी गाडी फिरवली.

शेवट नांदेडला झाला. मामानं नवं घर बांधलं, वास्तुशांती होती. आम्ही चौघं गाडीत: आई चालवायला, मी बाजूला, मागं पप्पा आन् मावशी. आईच म्हणाली होती, "मी चालवते. हायवेला पाय लागतोच कुठं." आन् हायवेला तिनं खरंच झकास चालवली. लोह्याच्या पुढं तर मावशी म्हणाली, "ताई, तू तर पायलट झालीस!" आई हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा दात दिसले.

नांदेडात शिरलो आन् एका मोठ्या चौकात सिग्नल लागला. आम्ही सगळ्यात पुढं. मागं बस, बाजूला ऑटो, मोटरसायकली. आईचे हात मला दिसत होते, स्टिअरिंगवर पांढरे पडलेले. मला तेव्हा पण माहीत होतं काय सांगायचं. हिरवा झाला.

बंद. चालू केली. बंद. मागून बसचा हॉर्न, तो एकदा सुरू झाला की थांबत न्हाई. ऑटोवाला वाकून काचेतून बघत म्हणाला, "खालाजान, घर पे बेलन चलाव ना!" आसपासचे मोटरसायकलवाले हसले. तिसऱ्यांदा बंद. सिग्नल परत लाल झाला, बसवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आला आन् आईशी न बोलता माझ्याशी बोलला, "तुम्हाला येते का? मग तुम्ही घ्या ना, कशाला तमाशा करून राहिले?"

पप्पा मागून म्हणाले, "उतर. उतर खाली. तुझ्याच्यानं व्हत न्हाई, किती सांगायचं? लाज काढली चौकात."

आई उतरली. बॉनेटच्या पुढून चालत आली, सगळ्या गाड्यांच्या समोरून, पदर सावरत, एकटी. दहा पावलं असतील. मी आतूनच सरकलो. हिरवा झाला. मी रेस दिली, पाय सोडला, गाडी वाऱ्यासारखी निघाली. एक धक्का न्हाई.

"बघ," पप्पा म्हणाले, "लेकरू कसं घेतं. त्याला म्हणतात हात."

आन् खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या क्षणी, आई बाजूला खिडकीबाहेर बघत बसलेली असताना, मला वाटलं, हो, माझा हात भारीच हाय. मामाच्या घरी पप्पांनी हे तीनदा सांगितलं. मामीनं मला पुरणाची पोळी जास्त वाढली, ड्रायव्हरसाहेब म्हणून.

आई त्यानंतर स्टिअरिंगला बसली न्हाई. सोमवारपासून जीप. रस्त्याकडेचा चहा बंद. पप्पांनी कौतुक केलं, "शहाणी हाय, स्वतःला ओळखलं." गाडी माझ्याकडं नांदेडला आली. मला पाहिजे तेच झालं, मला ते मागावं पण लागलं न्हाई.

तीन महिने झाले. मी आज सांगितलं. का आज, विचारू नका, कारण मोठं काही न्हाई. सकाळी घरी होतो, गाडी खाली उभी, पप्पा बाहेर, आई गुडघ्याला तेल लावून राहिली होती. म्हणाली, "साखर नॉर्मल आली बरं का. तिसऱ्यांदा केली. मग पायाला झालं काय हेच कळंना." आन् माझ्या तोंडातून सगळं पडलं. लेथ, दोन किलो, उस्तादचा फोन, चौक, सगळं. एका दमात. मी रडून पण राहिलो होतो.

आई तेलाचा हात तसाच धरून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "बास. नको."

"काय नको?"

"माझी समजूत नको काढू. एवढी लांबलचक गोष्ट रचलीस, किती दिवस लागले?"

"आई, खरं हाय हे!"

"हाव, असंल."

मी उस्तादला फोन लावला, स्पीकरवर. "उस्ताद, आईला सांगा आपण फ्लायव्हीलचं काय केलं." आन् तो, माझा इमानदार माणूस, लगेच म्हणाला, "काही न्हाई केलं मॅडम, गाडी एक नंबर हाय!" मी ओरडलो, "अहो खरं सांगा, आता सांगा!" तो गडबडला. "हां हां... छोटे जसं म्हणंल तसंच मॅडम... हलकं केलं, हाव, केलं होतं हलकं." आईला हसू आलं. खरं हसू. "त्याला बी पढवलास होय रे?"

मी तिला हाताला धरून खाली न्यायला लागलो. "चल, आत्ता चल. आधी रेस दे, मग पाय उचल, दोन मिनिटांत येती बघ." तिनं हात सोडवून घेतला. "नको राजा. माझा पाय मला कळतो." मी म्हणलं, जुन्या वजनाचं ताट शोधून आणतो, गाडी होती तशी करून देतो. ती म्हणाली, "कशाला? तुला चांगली चालती ना." मग तेलकट हात बाजूला ठेवून दुसऱ्या हातानं माझे डोळे पुसले आन् म्हणाली, "मला वाटायचं तू पप्पांवर गेलास. न्हाई. आईसाठी स्वतःवर आळ घेणारं पोरगं हायस तू."

हे ती दुपारी फोनवर मावशीला पण सांगून राहिली होती. मी ऐकलं. आवाजात इतकं कौतुक होतं.

ताट मी शोधणार हाय, बसवणार पण हाय. पण तिला बसवायचं कसं? तिला माझ्यावर विश्वास हाय, आन् तोच आडवा येऊन राहिला. तुमच्यात कुणाच्या बाबतीत असं झालंय का, की तुम्ही खरं बोलले आन् समोरच्यानं ते तुमचा चांगुलपणा समजून तुमच्याच तोंडावरून हात फिरवला? झालं असंल तर लिहा. आन् तिला खरं पटलं कसं, तेवढं जरूर लिहा.